ब्लेंडरमधील थ्रीडी मराठी अक्षरे तुटणे, त्यांत भोके पडणे आणि रंग न चढणे : समस्या निवारण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दुकानांचे फलक, गणेश मंडळांच्या कमानी आणि शिवजयंतीच्या चित्ररथांवरची नावे प्रत्यक्ष कापायला देण्याआधी संगणकावर थ्रीडीत उभी करून ग्राहकाला दाखवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. या कामातला एकच बिघाड माझ्याकडे पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येतो. इंग्रजी नाव ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये काही मिनिटांत उभे राहते, मात्र त्याच फाइलीत मराठी किंवा कन्नड मजकूर टाकला की अक्षरे विस्कटतात, आणि ती कशीबशी जुळवून घेतली तर रंग हवा तसा चढत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या तरी अनेकदा दोन्हींचे मूळ एका जागी सापडते : अक्षराची सपाट बाह्यरेषा नीट जुळून एकसंध होण्याआधीच तिला जाडी दिलेली असते. म्हणून पुढील तपासण्या सपाट अक्षरापासून सुरू होऊन जाडीकडे आणि रंगाकडे जातात. पहिल्या दोन तपासण्यांना पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही, म्हणून त्या वगळून थेट पुढे जाऊ नये.

लक्षणे

सर्वांत आधी बिघाड नेमका कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील किंवा मजकूर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होऊन येत असेल, तर दोष मजकुरात किंवा फॉन्टमध्ये आहे. अक्षरे ओळखू येतात पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘श्री’ पाय मोडलेल्या श आणि सुट्या री मध्ये फुटते, रफार अक्षराच्या डोक्यावर न जाता र च्या पायाशी हलन्त होऊन राहतो, असे असेल तर दोष अक्षरजुळणीत आहे. अक्षरे बरोबर आहेत पण जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे भोक पडते, काळा डाग येतो किंवा दृश्य फिरवताना पृष्ठभाग लुकलुकतो, तर दोष बाह्यरेषेत आहे. अक्षरे सर्वार्थाने ठीक आहेत पण राखाडीच राहतात, रंग फिका येतो, किंवा समोरची बाजू आणि कड यांना वेगळे रंग देता येत नाहीत, तर तपासणी थेट रंगाच्या भागापासून सुरू केली तरी चालेल.

एक सावधगिरी येथेच सांगतो. चाचणीसाठी ‘बेळगाव’ हा शब्द वापरू नये. त्यात जोडाक्षर नाही, रफार नाही आणि पहिली वेलांटीही नाही, त्यामुळे अक्षरजुळणी होत नसतानाही तो जवळजवळ बरोबर दिसतो आणि सगळे ठीक आहे असा समज होतो. ‘निपाणी’, ‘श्री दुर्गामाता’, ‘हुक्केरी’, ‘येळ्ळूर’ असे शब्द घ्यावेत. दोष असेल तर तो तिथे लपत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये आहे का

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. ही सर्वांत सोपी तपासणी आहे. ग्राहकाने किंवा छापखान्याने दिलेला मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तो तिथे देवनागरीत वाचता आला तर तो युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली तर तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टसाठी टाइप केलेला आहे. आपल्या भागातल्या डीटीपीच्या दुकानांत अशा फाइलींचे गठ्ठे आहेत, आणि कन्नड मजकुराच्या बाबतीत नुडी व बरह यांच्या जुन्या फॉन्टमधील मजकुराची अवस्था अगदी हीच असते. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे किंवा कन्नडचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की तुकडे जातात आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, आणि परिवर्तनानंतर रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरे यांवर बोट ठेवून पुन्हा वाचावा, कारण परिवर्तक चुकतात ते नेमके याच ठिकाणी. मजकूर चार शब्दांचाच असेल तर तो नव्याने टाइप करणे कमी वेळाचे आणि अधिक खात्रीचे आहे. मोबाइलवरच्या संदेशातून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी न दिसणारी जोडचिन्हे येतात आणि ब्लेंडरमध्ये ती मध्येच चौकोन होऊन उभी राहतात. तो दोषही नव्याने टाइप केल्याने जातो.

फॉन्ट खरोखर लागला आहे का

ब्लेंडरमधील मजकुराची वस्तू निवडून ऑब्जेक्ट डेटाच्या पानावर फॉन्टचा विभाग उघडावा आणि रेग्युलरच्या ओळीत आपला फॉन्ट आहे की मूळचाच राहिला आहे ते पाहावे. मूळ फॉन्ट देवनागरीसाठी केलेला नाही. जुन्या आवृत्त्यांत त्यामुळे चौकोन येतात, आणि नव्या आवृत्त्यांत दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर उसने घेतले जाते, म्हणून ‘अक्षर आले आहे, पण वळण आपण निवडलेले नाही’ अशी तक्रार ऐकू येते. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली असेल तर फॉन्टचा मार्ग तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. फाइल सूचीतील एक्स्टर्नल डेटामध्ये जाऊन पॅक रिसोर्सेस केल्यास फॉन्ट फाइलीच्या पोटातच साठवला जातो आणि ही अडचण पुन्हा येत नाही.

फॉन्ट निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. व्हेरिएबल प्रकारचा, म्हणजे एकाच फाइलीत सगळी वजने (जाड-बारीकपणा) असलेला, फॉन्ट घेऊ नये. त्यात एकाच अक्षराच्या बाह्यरेषा अनेकदा एकमेकींवर चढलेल्या असतात, कागदावर त्या दिसत नाहीत, पण जाडी देताना तिथेच भोके पडतात. त्याच फॉन्टची स्थिर वजनाची फाइल घ्यावी. दुसरे म्हणजे मराठी आणि कन्नड एकाच फलकावर येणार असतील तर एकाच कुटुंबातील जोडी घेणे शहाणपणाचे. नोटो सान्सची देवनागरी आणि कन्नड ही एक जोडी आहे. फलकासाठी ठसठशीत, गोलाकार अक्षर हवे असेल तर बालू २ आणि त्याचे कन्नड भावंड बालू तम्मा २ उत्तम जमतात. मराठी वळणाचा ल आणि श हवाच असेल तर टिरो देवनागरी मराठी वापरावा. हिंदी वळणाचा ल आपल्याकडच्या ग्राहकाच्या डोळ्यांना लगेच खटकतो, आणि त्याचे ते खटकणे योग्यच आहे.

अक्षरजुळणी : दुखण्याचे खरे मूळ

येथे थोडे थांबून कारण समजून घ्यावे, कारण ते समजले की निम्मी धडपड वाचते. युनिकोडमध्ये ‘निपाणी’ हा शब्द न, पहिली वेलांटी, प, काना, ण, दुसरी वेलांटी या क्रमाने साठवलेला असतो. म्हणजे डोळ्यांना न च्या आधी दिसणारी वेलांटी साठवणीत मात्र न च्या नंतर आहे. ती उचलून डावीकडे नेणे, क् आणि क यांचा ‘क्क’ करणे, र् चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, ‘कऱ्हाड’मधला र आडवा करणे ही सगळी कामे अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेची असतात. फॉन्टमध्ये त्यांच्या सूचना लिहिलेल्या असतात, पण त्या वाचणारे कोणी लागते. ब्लेंडरच्या ज्या आवृत्तीत वरील लक्षण दिसते तिथे मजकुराची वस्तू प्रत्येक चिन्ह साठवणीच्या क्रमाने एकापुढे एक ठेवते आणि या सूचना वाचत नाही. त्यामुळे निपाणीतली पहिली वेलांटी न आणि प यांच्या मध्ये पडते, वाचणाऱ्याला ती प ची वाटते, आणि त्याच प ला पुढे कानाही असल्याने शब्द वाचताच येत नाही. कन्नडमध्ये हेच ‘निप्पाणि’ आणि ‘चिक्कोडि’ या नावांत होते. तिथे दुहेरी व्यंजनाचे दुसरे अक्षर ओत्तक्षर होऊन पहिल्याच्या पायाशी जायला हवे, ते तसे न जाता सुटे होऊन ओळीत उभे राहते.

यावर एक उपाय म्हणून काही जण वेलांटी साठवणीत आधी टाइप करतात. केवळ वेलांटीपुरता तो चालतो, पण जोडाक्षर आले की तो संपतो, आणि पुढे तोच मजकूर कोणी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेला तर तिथे तो उलटा बिघडतो. मी हा मार्ग कोणालाही सुचवत नाही.

खात्रीचा मार्ग असा की अक्षरजुळणी दुसऱ्या प्रोग्रॅमकडून करून घ्यावी आणि ब्लेंडरकडे फक्त तयार आकृती न्यावी. इंकस्केप त्यासाठी विनामूल्य मिळते आणि देवनागरी व कन्नड दोन्ही नीट जुळवते. तिथे मजकूर टाइप करून तो वाचून पाहावा, आणि मगच पाथ सूचीतील ऑब्जेक्ट टू पाथ करावे. यानंतर मजकूर बदलता येत नाही, म्हणून टाइप केलेली मूळ प्रत त्याच फाइलीत बाजूला ठेवावी. अक्षरांचा गट सोडवून सर्व आकृत्या निवडाव्यात आणि युनियन करावे, म्हणजे एकमेकींवर चढलेल्या आकृत्या जोडून एकच होते, मग फाइल प्लेन एसव्हीजी (बाह्यरेषांची फाइल) म्हणून साठवून ब्लेंडरच्या इंपोर्ट सूचीतून आत घ्यावी. फलकवाल्यांकडे बहुधा कोरल ड्रॉ असते. त्यात अक्षरजुळणी बरोबर होत असेल तर कन्व्हर्ट टू कर्व्हज आणि वेल्ड या दोन क्रियांनी हेच काम होते.

शिरोरेषेतील भोके

वरच्या कृतीतील युनियन ही पायरी गाळली जाते आणि मग भोके पडतात. देवनागरी फॉन्ट करताना प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढेल अशी ठेवलेली असते, म्हणजे छापताना फट दिसत नाही. शिवाय काना, मात्रा, उकार यांचीही टोके मूळ अक्षराच्या अंगात शिरलेली असतात. या सगळ्या बाह्यरेषा एकाच वक्र-वस्तूत गेल्या की ब्लेंडर एकीच्या आत दुसरी पाहते आणि दुहेरी झालेल्या जागेला पोकळी समजते. ‘थ’ किंवा ‘ध’ च्या आतली खरी पोकळी आणि शिरोरेषेवरचा हा दुहेरी भाग यांत फरक करण्याचे दुसरे साधन तिच्याजवळ नसते. वस्तू वेगवेगळ्या राहिल्या तर भोक पडत नाही, पण दोन पृष्ठभाग एकाच पातळीत एकमेकांवर येतात आणि लुकलुकतात, शिवाय आतमध्ये नको असलेल्या भिंती तयार होतात. थ्रीडी छपाईला अशी फाइल दिली तर काम तिथेच अडते.

तपासणी सोपी आहे. इंकस्केपच्या व्ह्यू सूचीतून बाह्यरेषांचे दृश्य लावावे आणि शिरोरेषेवर मोठे करून पाहावे. दोन अक्षरांच्या सांध्यावर आडव्या पट्टीत उभी छोटी रेघ दिसली तर युनियन झालेले नाही. झालेले असेल तर अख्खा शब्द एका सलग रेषेने वेढलेला दिसतो आणि आत फक्त खऱ्या पोकळ्या उरतात. रेषेवरील बिंदू कमी करण्यासाठी सिंप्लिफाय वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिरोरेषेची सरळ टोके त्याने गोलसर आणि वाकडी होतात आणि मोठ्या फलकावर ते लपत नाही.

आत घेतल्यानंतर

इंपोर्ट केलेली आकृती फार लहान येते, इतकी की ती आलीच नाही असे वाटते. आउटलायनरमध्ये, म्हणजे दृश्यातील वस्तूंच्या यादीत, फाइलीच्या नावाचा संग्रह दिसत असेल तर ती आलेली आहे. आधी ती हव्या मापाला मोठी करावी, कंट्रोल आणि ए दाबून माप कायम करावे, आणि त्यानंतरच जिओमेट्री विभागातून एक्सट्रूडने जाडी द्यावी. हा क्रम उलटा केला तर जाडी आणि बेव्हल (कडेची उतरण) यांचे आकडे निरर्थक होतात.

समोरचा भाग भरलाच नाही आणि नुसत्या भिंती उभ्या राहिल्या तर आकृती टूडी आहे ना, फिल मोड बोथ आहे ना आणि बाह्यरेषा बंद आहे ना, हे या क्रमाने पाहावे. कोपऱ्यांवर काटे येत असतील किंवा ‘ध’ च्या आतली पोकळी बुजत असेल तर बेव्हल अक्षराच्या बारीक भागाला पेलवण्यापेक्षा जास्त आहे. ते कमी करावे. बेव्हल अक्षराला बाहेरच्या बाजूने फुगवते, म्हणून अक्षराचे मूळ माप राखायचे असेल तर जितके बेव्हल तितकेच ऑफसेट उणे चिन्हाने द्यावे. कापण्यासाठी माप देणाऱ्यांनी हे विसरू नये, अन्यथा पडद्यावर बसलेले नाव पट्टीवर बसत नाही.

रंग चढत नाही

राखाडी अक्षरांची तक्रार बहुतेक वेळा एका कळीने मिटते. ब्लेंडर उघडते तेव्हा सॉलिड दृश्य लागलेले असते आणि त्यात मटेरियलचा, म्हणजे वस्तूला दिलेल्या रंग-पोताचा, मूळ रंग दिसत नाही. झेड दाबून मटेरियल प्रिव्ह्यू निवडावे. एका अक्षराला रंग दिला आणि बाकीची तशीच राहिली, तर एसव्हीजीतून प्रत्येक आकृती वेगळी वस्तू होऊन आली आहे. युनियन नीट केले असेल तर ही अडचण मुळातच येत नाही. मजकुराच्या वस्तूत एकेक अक्षर निवडून रंग देता येतो, पण देवनागरीत तो मार्ग घेऊ नये, कारण तिथे वेलांटी आणि मात्रा स्वतंत्र चिन्हे धरली जातात आणि अक्षर एका रंगाचे, मात्रा दुसऱ्या रंगाची, असा प्रकार होतो.

फिक्या रंगाची तक्रार मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे भगवा आणि हळदीचा पिवळा या दोन रंगांवर ग्राहकाची नजर फार बारकाईने जाते. रंग बरोबर निवडलेला असतो, तरी चित्रात भगवा विटकरी किंवा धुतल्यासारखा दिसतो. दोष रंगात किंवा दिव्यात नसून कलर मॅनेजमेंटमधील व्ह्यू ट्रान्सफॉर्ममध्ये असतो. ब्लेंडरच्या २.८० पासून तिथे फिल्मिक आणि ४.० पासून एजीएक्स हे पर्याय आपोआप लागलेले असतात. प्रखर उजेडाची दृश्ये नैसर्गिक दिसावीत म्हणून ते गडद, भरदार रंगांची धार मुद्दाम कमी करतात. चित्रपटासारख्या दृश्याला ते योग्य आहे, फलकाच्या नमुन्याला नाही. रेंडर प्रॉपर्टीजच्या पानावर तळाशी जाऊन तिथे स्टँडर्ड निवडावे. ग्राहकाने दिलेला रंगाचा हेक्स क्रमांक हेक्सच्याच रकान्यात चिकटवावा. तेच आकडे लाल, हिरवा, निळा यांच्या रकान्यांत भागून भरले तर रंग उजळ होतो, कारण ते रकाने प्रकाशाचे रेषीय मूल्य मागतात.

समोरचा भाग एका रंगाचा आणि कड दुसऱ्या रंगाची हवी असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग खऱ्या ॲक्रिलिक अक्षराच्या बांधणीचाच आहे आणि मला तोच अधिक पसंत आहे. आकृतीची प्रत घ्यावी, तिची जाडी शून्य करावी, तिला वेगळे मटेरियल द्यावे आणि मूळ अक्षराच्या समोर अगदी किंचित पुढे ठेवावी. किंचित पुढे हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दोन पृष्ठभाग एकाच पातळीत राहिले तर पुन्हा लुकलुक सुरू होते. या मार्गात दोन्ही आकृत्या शेवटपर्यंत बदलता येतात. दुसरा मार्ग म्हणजे वस्तूचे मेश (सपाट पृष्ठांची जाळी) करून समोरचे एक पृष्ठ निवडणे, शिफ्ट आणि जी दाबून त्याच पातळीतील सगळी पृष्ठे घेणे आणि त्यांना दुसरे मटेरियल नेमणे. मेश केल्यावर परतीची वाट नाही, म्हणून आधी प्रत ठेवावी. मेशवर काळे डाग आले तर फेस ओरिएंटेशन लावून पाहावे. लाल दिसणारी पृष्ठे उलटी आहेत, ती सगळी निवडून शिफ्ट आणि एन दाबल्यास सरळ होतात. कड आणि समोरचा भाग एकमेकांपासून सुटे असतील तर मर्ज बाय डिस्टन्स वापरावे, पण अक्षर आधी खऱ्या मापाला आणलेले असावे, नाहीतर लहानशा आकृतीत जवळचे बिंदू एकमेकांत मिसळून अनुस्वार आणि पोकळ्या चेपतात.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

युनिकोड मजकूर, स्थिर फॉन्ट आणि इंकस्केप एवढे सर्व बरोबर असूनही तिथेच एखादे जोडाक्षर तुटत असेल तर दोष फॉन्टमध्ये आहे. बिंदू ओढून ते अक्षर हाताने घडवत बसू नये. दुसरा फॉन्ट घ्यावा, आणि ग्राहकाला तोच हवा असेल तर फॉन्ट करणाऱ्याला किंवा सुलेखनकाराला गाठावे. जुन्या हाताने रंगवलेल्या पाटीचेच वळण हवे असेल तर फोटोवरून आपोआप रेषा काढण्यापेक्षा अक्षरे जाणणाऱ्या चित्रकाराकडून ती नव्याने काढून घेणे स्वस्त पडते.

ब्लेंडरमधील प्रत्येक फाइल, अगदी नुसता घनही, लुकलुकत असेल किंवा प्रोग्रॅम बंद पडत असेल तर अक्षरांत काही शोधू नये. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा करावा, आणि तरीही तसेच राहिले तर संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावा. फाइल उद्यमबागेतल्या एखाद्या सीएनसी राउटरवर किंवा लेझरवर जाणार असेल तर थ्रीडी मेश न देता युनियन केलेली सपाट एसव्हीजी द्यावी, आणि हत्याराच्या जाडीनुसार कोपरे किती गोल होतील हे यंत्र चालवणाऱ्यालाच ठरवू द्यावे. आतून उजळणाऱ्या अक्षरांची वीजजोडणी आणि उंचीवरची बसवणी हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाचे आणि फलक बसवणाऱ्याचे काम आहे.

कन्नड मजकुराबाबत माझा आग्रह स्पष्ट आहे. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर व्यावसायिक फलकावर ६० टक्के कन्नड असणे आवश्यक झाले आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फाइलीत कन्नड येणारच, आणि त्याचे प्रमाण सपाट आराखड्यातच ठरवून घ्यावे. आपल्याला कन्नड सहज वाचता येत नसेल तर युनियन करण्याआधीची प्रत कन्नड लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला कागदावर छापून दाखवावी आणि त्याची संमती मिळेपर्यंत जाडी देऊ नये. सुटलेले ओत्तक्षर देवनागरीची सवय असलेल्या डोळ्यांना नक्षीसारखे वाटून निसटते, आणि ॲक्रिलिक एकदा कापले की ते दुरुस्त करता येत नाही.